शिरढोणच्या रस्त्यावर ‘कुठे’ विचारणारा

तुमच्या सदरातले अनुभव मी इतकी वर्षं वाचत आलो ते, खरं सांगायचं तर, हसायला. पांढरी साडी, उलटी पावलं, बंद खोलीतला आवाज... बायको वाचून दाखवायची आणि मी चहा पीत एकेकाची चिरफाड करायचो. याला ताप असणार, याने जरा जास्त घेतली असणार, ही बाई अर्धवट झोपेत असणार. आमच्या घरात उतारे टाकणारे, बाहेरचं बघणारे कधी कोणी नव्हते. मी स्वतः इंजिनिअरिंगचा डिप्लोमा केलेला माणूस, आणि सगळी नोकरी रस्ते आणि गाड्यांच्या हिशेबात गेलेली. आता ऐंशी उलटल्यावर मीच असलं काही लिहायला बसलोय याची मला लाज वाटते. पण पुढे वाचाल तर कळेल की या गोष्टीत भीती अशी फारशी नाहीच, जी काही आहे ती लाजच आहे.

गोष्ट पनवेलची. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती आणि पनवेल तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होतं. मुंबईहून पुण्याला किंवा गोव्याकडे निघालेला माणूस ठाणं, मुंब्रा, तळोजा करत पनवेलला यायचा, कारण खाडीवर पूल नव्हता. पूल बांधावा का, बांधला तर त्यावरून किती रहदारी होईल, नवे रस्ते कुठून काढावेत, हे सगळं शास्त्रशुद्ध ठरवायला सरकारने एका विद्यापीठाला पैसे दिले आणि तिथे ‘परिवहन संशोधन केंद्र’ निघालं. नाव भारदस्त, पण जागा म्हणजे कॉलेजच्या वर्कशॉपमागच्या दोन खोल्या. एका खोलीत नकाशे आणि दुसऱ्या खोलीत आम्ही. विद्यापीठाचं नाव घेत नाही, उगाच कोणाला त्रास नको.

मी त्या केंद्रात इन्व्हेस्टिगेटर होतो. म्हणजे काय, तर दंडावर निळा पट्टा, हातात लाल झेंडी, बरोबर एक पोलीस, आणि भर रस्त्यात गाडी थांबवून विचारायचं — कुठून आलात? कुठे चाललात?

मराठी वाचकाला यातली गोम सांगायला नकोच. निघालेल्या माणसाला ‘कुठे’ म्हणून कधी विचारायचं नसतं. फार तर ‘लांब निघालात?’ म्हणायचं, नाहीतर गप्प बसायचं. चुकून कोणी विचारलंच तर माणूस चपला काढून परत घरात येतो, पाणी पितो, घटकाभर टेकतो आणि मग पुन्हा निघतो. शुभकार्याला निघाला असेल तर त्या दिवशी जातच नाही. आणि आमच्या केंद्राचा अख्खा डोलारा त्याच एका प्रश्नावर उभा होता! आमचे सर परदेशात शिकून आलेले. माणूस देवासारखा, पण प्रश्नावली जशी तिकडे शिकले तशीच इकडे घेऊन आले, आणि ती आम्ही पनवेलच्या रस्त्यावर वापरत होतो.

काय काय ऐकून घेतलं ते विचारू नका. बैलगाडीवाला आगरी म्हातारा कासरा ओढून आमच्यावर खेकसायचा, “कुटं काय इचारतंस रं? तुज्या घरात कुनी शिकिवलं नाय काय?” पाटी डोक्यावर घेतलेल्या बायका तर आणखी जहाल. “मेल्या, सकाळच्या पारी आमाला कुटं म्हंतंस? आता माजी वांगी इकली नाय तं तुज्या बापाला आनून घालू काय?” बहुतेक जण मग गावाचं नाव सांगायचेच नाहीत. “हितंच पुढं,” म्हणायचे. आमच्या फॉर्मवर जायच्या ठिकाणाच्या रकान्यात ‘पुढे’, ‘पुढे’, ‘जरा पुढे’ असं भरलेलं असायचं. सर चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, “अरे, हे ‘पुढे’ नकाशावर कुठे आलं?”

माझ्याबरोबर सॅम्युअल नावाचा मित्र होता, पेणकडचा बेने इस्रायली, म्हणजे कोकणातला ज्यू. मराठी माझ्यापेक्षा रसाळ. त्याच्या घरचे एकेक करून इस्रायलला चालले होते. तो म्हणायचा, “आमचं अख्खं खानदान बोटीत बसायला निघालंय, आणि आई म्हणते, कोणी ‘कुठे’ विचारलं तर मी उतरून परत येईन!” आम्ही हसायचो. मी जरा जास्तच हसायचो, कारण आमच्या घरात या बाबतीत हसायची सोय नव्हती.

माझे वडील पनवेलच्या कोर्टात कारकून होते. साक्षीदारांना शपथ द्यायचं काम त्यांचं. खोटं बोलणाऱ्या माणसाची त्यांना मनापासून शिसारी. घरात त्यांचा शब्द शेवटचा, आणि ‘कुठे’चा नेम तर इतका कडक की त्यांनी कोटाची बटणं लावायला घेतली की आई आम्हाला डोळ्यांनीच दटावायची. मी त्यांच्यासमोर बोलायचो ते त्यांच्या पायांकडे बघत. शेळपट म्हणा, मला चालेल, माझीच बहीण मला लहानपणी तसं म्हणायची.

बहिणीचं नाव इंदू. माझ्याहून लहान, सातवीची फायनल परीक्षा पास झालेली, आणि शिक्षिकेच्या ट्रेनिंगला जायचं हे तिचं ठरलेलं. तेवढ्यात शिरढोणहून स्थळ आलं. भाताची शेती, घरचा छकडा, मोठं खटलं... आणि नवरा मुलगा बिजवर, इंदूपेक्षा पुष्कळ मोठा. पहिली बायको विहिरीत गेली होती. पाय घसरला म्हणत होते. गावातल्या बायका मात्र ते सांगताना आवाज खाली करायच्या. आईच्या कानावर ते आलं होतं, माझ्याही आलं होतं. बाबांना कोण सांगणार? त्यांच्या मते लोकांच्या तोंडची गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे.

बाबा सुपारी फोडायला शिरढोणला निघायचे होते त्या दिवसाची सकाळ. मी आंघोळ करून परसात टॉवेल वाळत घालत होतो. इंदू भांडी घासत होती. हात न थांबवता, मान वर न करता ती म्हणाली, “दादा, एक काम करशील?”

“काय?”

“बाबा निघताना त्यांना फक्त ‘कुठे चाललात’ म्हणून विचार. दुसरं काही बोलू नकोस. वाद घालू नकोस. अख्ख्या जगाला विचारतोस ना दिवसभर? मग त्यांनाही एकदा विचार. ते जाणार नाहीत. तेवढ्यात मी काहीतरी करीन, मामाला बोलावून घेईन.”

“तूच विचार ना,” मी म्हणालो. हो, असंच म्हणालो!

“मी विचारलं तर मुद्दाम विचारलं हे त्यांना लगेच कळेल. तुझ्या तोंडात तो शब्द बसलेलाच आहे. सवयीने गेला म्हणशील.”

मी “बघतो” म्हणालो. आत आलो. बाबा टोपी घालून आरशासमोर उभे होते. पाटावर नारळ, साखर, सुपारी रुमालात बांधून ठेवलेली. बाहेर इस्माईलचाचांचा टांगा उभा होता. मी बाबांच्या मागे उभा राहिलो. शब्द तोंडात होता, अगदी दातांपर्यंत आला होता. आरशातून बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “काय आहे?” मी म्हणालो, “काही नाही, येतो बाबा.” आणि चपला घालून बाहेर पडलो. परसाच्या बाजूने गेलो नाही, कारण तिथे इंदू होती.

त्या दिवशी गाड्या थांबवायचं आमचं ठिकाण तळोज्याच्या रस्त्यावर होतं, म्हणजे गावाच्या उत्तरेला. शिरढोण दक्षिणेला, पळस्पे फाट्यावरून गोव्याच्या रस्त्याला लागायचं. दोन टोकं दोन बाजूंना, मध्ये अख्खं पनवेल. आमची सगळी माणसं त्या एकाच ठिकाणी होती, कारण दिल्लीहून एक मोठे साहेब पाहणीला आले होते. केंद्राची ग्रँट पुढे चालू ठेवायची की नाही हे त्यांच्या मतावर ठरणार होतं. सरांनी आम्हाला बजावलं होतं, गाडी थांबवली की दात काढायचे नाहीत, प्रश्न स्पष्ट विचारायचा. तंबू ठोकला होता, खुर्च्या मांडल्या होत्या.

सुरुवातीला सगळं ठीक चाललं. मग एक लॉरी थांबवली. मी झेंडी खाली केली, पायरीच्या फळीवर चढून ड्रायव्हरला “कुठून आलात” विचारलं. त्याने भिवंडी सांगितलं. आणि पुढचा प्रश्न मला विचारताच येईना.

अडखळलो असं नाही... शब्द आठवत होता, पण तोंडात नव्हताच. खिशात हात घालावा आणि किल्ली तिथे नसावी तसं काहीतरी. मी नुसताच उभा. ड्रायव्हर हसायला लागला. सॅम्युअल पुढे झाला, त्याने प्रश्न विचारला, मला हाताला धरून खाली उतरवलं आणि कानात म्हणाला, “बाबा रे, साहेब बघतायत. लक्ष कुठे आहे तुझं?” मी त्याला म्हणालो, “ऊन लागलं असेल.” त्याने मला तंबूच्या सावलीत बसवलं आणि पाणी दिलं. थोड्या वेळाने मी परत उभा राहिलो आणि प्रश्न पुन्हा बिनचूक विचारता यायला लागला. मी ती गोष्ट विसरूनही गेलो.

त्यानंतर बऱ्याच वेळाने, साहेबांना सर तंबूत नकाशा दाखवत असताना, पनवेलकडून एक टांगा भरधाव येताना दिसला. घोडा घामाने निथळत होता. टांगा पुरता थांबायच्या आत बाबा खाली उतरले. कोट, टोपी, हातात तो रुमाल तसाच बांधलेला.

“मध्या!”

असा आवाज मी कोर्टातही ऐकला नव्हता. सगळे वळून बघायला लागले.

“बापाला आडवा जातोस? शुभकार्याला निघालेल्या बापाला रस्त्यात उभं राहून ‘कुठे’ विचारतोस? आणि तुझ्या साहेबांकडे तक्रार करायला यावं, तर एखाद्या मोटारीत बसून माझ्या आधी इथे येऊन उभा राहतोस?”

मला काही कळेना. “बाबा, मी...”

“गप्प! तुमचे साहेब कोण?”

सर लगबगीने पुढे आले, नमस्कार केला. बाबांनी त्यांना सांगितलं ते असं. पळस्पे फाटा मागे टाकून ते शिरढोणच्या अलीकडे आले होते. तिथे नाल्यावर लहानसा दगडी पूल आहे. त्या पुलावर, रस्त्याच्या मधोमध, मी उभा होतो. हातात लाल झेंडी, दंडावर निळा पट्टा. टांगा थांबला. मी बाबांच्या बाजूला आलो, त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि विचारलं, “बाबा, कुठे चाललात?” बाबा म्हणाले, “अरे, तू इथे कसा?” त्यावर मी पुन्हा तेच विचारलं. तिसऱ्यांदाही तेच. तेव्हा बाबांनी टांगा वळवायला सांगितला.

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “अहो, काहीतरी गैरसमज झालाय. तिकडे आज आमचं कोणीच नाही. आणि मधू सकाळपासून इथेच आहे, माझ्या डोळ्यांसमोर.”

“म्हणजे मी खोटं बोलतोय?”

“तसं नाही हो... उन्हाचं कधी कधी माणसाला...”

“मी माझ्या मुलाला ओळखत नाही?”

सॅम्युअलने मान खाली घातली. पोलीस दुसरीकडे बघायला लागला. दिल्लीच्या साहेबांनी सरांना हळूच इंग्रजीत विचारलं, म्हातारा काय म्हणतोय? सर बिचारे लाल झाले. त्यांनी थोडक्यात सांगितलं, आमच्याकडे असा समज आहे, ‘कुठे’ विचारलं की माणूस परत फिरतो. साहेबांना मोठी गंमत वाटली. ते म्हणाले, “मग फॉर्मवर डेस्टिनेशन काय लिहिता? घर?” आणि मोठ्याने हसले. सरांना हसावंच लागलं. दोघंतिघं हसले.

मीही हसलो. मोठ्याने नाही... पण दात दिसतील इतपत. साहेबांकडे बघून, नोकरीतला माणूस हसतो तसं हसलो. आणि बाबा नेमके त्याच क्षणी माझ्याकडे बघत होते.

त्यांनी टोपी सारखी केली, टांग्यात बसले आणि गेले. ते जाईपर्यंत मी झेंडी हातात धरून तसाच उभा होतो.

संध्याकाळी घरी आलो तर चूल पेटलेली नव्हती. आई दारात बसलेली, इंदू आतल्या दाराला टेकून उभी. बाबा कोटासकट पाटावर बसले होते, समोर तो रुमाल. सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. मला बघून ओरडले नाहीत. आईला म्हणाले, “अगं, माझं डोकं ठिकाणावर आहे ना?” आमचे आजोबा शेवटी भ्रमिष्ट झाले होते, नसलेल्या माणसांशी तासन्‌तास बोलायचे. बाबांनी त्यांचं सगळं केलं होतं, त्यांना न्हाऊमाखू घालण्यापासून. आपलंही तसंच होतंय की काय, ही भीती त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती. माझा बाप घाबरलेला मी त्याआधी कधी बघितला नव्हता.

मला ते सहन झालं नाही. मी म्हणालो, “बाबा, मीच होतो पुलावर.”

त्यांनी वर बघितलं. “आणि तुझे साहेब?”

“त्यांनी मला सांभाळून घेतलं.”

बाबा उठले, माझ्याजवळ आले आणि एक खणखणीत मुस्काटात दिली. मग कोट काढला, हातपाय धुतले आणि आईला म्हणाले, “वाढ.” जेवले व्यवस्थित. त्यांच्या मनावरचं ओझं उतरलं होतं. आमच्या देवमाणूस सरांना मात्र त्यांनी मरेपर्यंत लबाड मानलं, आणि ते मी त्यांना मानू दिलं.

गालावर हात ठेवून मी उभा होतो. दाराशी इंदू होती. ती माझ्याकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मी नजर वळवली.

शिरढोणवाले चिडले. मुहूर्तावर माणूस आला नाही, निरोप नाही. हा अपमान त्यांना सहन झाला नाही आणि त्यांनी लगोलग दुसरीकडे जमवलं. त्या घरात दुसरी कोणीतरी मुलगी गेली. तिचं पुढे काय झालं हे मी कधी विचारलं नाही. विचारायचं धैर्य झालं नाही म्हणा. इंदू मामाच्या मदतीने ट्रेनिंगला गेली, शिक्षिका झाली, बरोबरच्याच एका शिक्षकाशी तिने लग्न केलं, आणि मुख्याध्यापिका होऊन रिटायर झाली. सुखात संसार झाला तिचा.

आता तुम्ही म्हणाल, चौकशी केली नाहीस का? केली. बाबांना भास झाला असेल असं धरून चाललो, तर टांग्यात दुसरा माणूसही होताच ना! काही दिवसांनी मी इस्माईलचाचांना त्यांच्या तबेल्यात जाऊन गाठलं. ते घोड्याला खरारा करत होते. मी विचारलं, “चाचा, त्या दिवशी पुलावर कोण होतं?”

ते माझ्याकडे बघतच राहिले. “मजाक करतोस काय, बेटा? तूच होतास. अल्लाकसम सांगतो. मी लगाम ओढलापण नाय, घोडा आपोआप उभा राहिला. तू या बाजूनी आलास, हितं, माझ्या गुडघ्यापाशी. भाईंना, तुझ्या बाबांना, विचारलंस.”

“माझ्यासारखा दुसरा कोणी असेल...”

“तुला मी लंगोटीत फिरताना बघितलाय. मला शिकवतोस?” मग ते पुन्हा घोड्याकडे वळले. “एक गोष्ट भाईंनी सांगितली नसंल तुला. तू रडत होतास. डोळ्यांत पानी, पन आवाज जरासुद्धा हलला नाय. मी घरी जाऊन बीबीला बोललो, पोरगं दिसतं नरम, पन जिगर हाय त्याच्यात.”

मी मान डोलावली आणि तिथून निघालो.

सुट्टीच्या दिवशी सॅम्युअल आणि मी सायकलवर त्या पुलापर्यंत गेलो, भर दुपारी. साधा पूल. दोन्ही बाजूंना गवत, खाली चिखल, बगळे. पुलाच्या जवळच एकाने झाप उभारून चहाचं दुकान टाकलं होतं. त्याला विचारलं. त्याला टांगा आठवत होता, कारण तो आल्या रस्त्याने मधूनच परत फिरला. “पन पोरगं बिरगं कुनी व्हता असं नाय बघितलं. टांगा उबा राह्यला, म्हातारं एकटंच हात हालवून बोलत व्हतं, मंग वळला.” म्हणजे टांग्यातल्या दोघांना मी दिसलो, आणि रस्त्याच्या कडेच्या माणसाला कोणीच दिसलं नाही. सॅम्युअल सायकलवर बसताना म्हणाला, “लॉरीच्या फळीवर तू मुका झालास, ती वेळ कोणती होती रे?” मी म्हणालो, सोड. तोही पुढे इस्रायलला गेला, आणि हे सगळं माहीत असलेला एकमेव माणूस माझ्या आसपास उरला नाही. आमच्या केंद्राला ग्रँट मिळाली, मी तिथेच कायम झालो.

खरी शिक्षा त्यानंतर सुरू झाली. दरवर्षी भाऊबीजेला इंदू मला ओवाळायची आणि घरात जो कोणी असेल त्याला सांगायची — पहिल्यांदा नवऱ्याला, मग मुलांना, सुनांना, नातवंडांना — “हा माझा भाऊ. बाबांसमोर मान वर न करणारा. पण माझ्यासाठी भर रस्त्यात उभा राहिला, सगळ्या साहेबांसमोर बोलणी खाल्ली, घरी मार खाल्ला. माझं जे काही झालं ते याच्यामुळे.” मुलं माझ्याकडे कौतुकाने बघायची आणि मी लाडू तोडत “चल, काहीतरीच” म्हणायचो. लोकांना तो विनय वाटायचा. ओवाळणी घालताना माझा हात जड व्हायचा.

आणि मी सुधारलो म्हणाल, तर तेही नाही. माझ्या मुलीला पुढे शिकायचं होतं. बायकोच्या मोठ्या भावाने तिचं लग्न जमवलं. ते थांबवा म्हणून ती माझ्याकडे आली होती, आणि मी मूग गिळून बसलो. त्या लग्नाचं बरं झालं नाही. त्याबद्दल जास्त लिहिणार नाही, ती तिची गोष्ट आहे.

गेल्या भाऊबीजेला मी इंदूकडे गेलो तेव्हा घरात आम्ही दोघंच होतो. बाकीचे बाहेर गेले होते. तिने ओवाळलं, तबक खाली ठेवलं, आणि सांगायला कोणी नसल्यामुळे मलाच म्हणाली, “तू उभा राहिलास म्हणून, दादा.” काय झालं कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं.

“इंदू, मी नव्हतो गं तिथे. मी तळोज्याच्या रस्त्यावर होतो. बाबा घाबरले म्हणून खोटं बोललो. मी विचारलंच नाही त्यांना. सकाळीही नाही, नंतरही नाही.”

मला वाटलं, ती रडेल, रागावेल, निदान दचकेल तरी. ती पदराने हात पुसत म्हणाली, “ठाऊक आहे रे.”

“ठाऊक आहे? कधीपासून?”

“त्याच दिवसापासून. बाबांनी मारलं तेव्हा तू माझ्यापासून तोंड लपवलंस. ज्याने केलं असतं त्याने माझ्याकडे बघितलं असतं.”

“मग कोण होतं ते?”

“मला काय माहीत? कोणीतरी माझ्यासाठी उभं राहिलं. तेवढं मला पुरलं.”

“आणि मग इतकी वर्षं सगळ्यांना माझं नाव का सांगत आलीस? माझ्या मुलांसमोर, तुझ्या मुलांसमोर...”

ती माझ्या ताटात करंजी वाढत अगदी साध्या आवाजात म्हणाली, “मला वाटायचं, ऐकून ऐकून तू तसा होशील. निदान तुझ्या लेकीच्या वेळेला तरी होशील असं वाटलं होतं.”

मी ती करंजी खाल्ली. घरी आलो तो अजून सावरलो नाही, म्हणून हे लिहून पाठवतोय.

त्या पुलावर कोण उभं होतं हे मला माहीत नाही. भास म्हणावं तर दोघांना एकच भास कसा होईल, आणि माणूस म्हणावं तर चहावाल्याला तो का दिसला नाही? सगळं आयुष्य लोकांना ‘कुठून आलात, कुठे चाललात’ विचारण्यात गेलं, पण तो कुठून आला आणि कुठे गेला याचं उत्तर माझ्याकडे नाही. तो मी नव्हतो, एवढंच मला खात्रीने सांगता येतं.